शाळेबाहेरचे दोन तास

"मुलगा काय करतो?" या प्रश्नाला आपल्या घरांतून एक ठरलेले उत्तर दिले जाते : "अजून शिकतोय." या 'अजून' शब्दात पुष्कळ काही दडलेले असते. शिकणे अलीकडे, कमावणे पलीकडे, मध्ये एक वेस, आणि ती ओलांडण्याचा मुहूर्त म्हणजे पदवी हाती पडण्याचा दिवस, अशी आपली समजूत आहे. त्याआधी मुलाने चार पैसे मिळविले तर त्याचे दोनच अर्थ काढले जातात. एक तर घरी चणचण असली पाहिजे, नाही तर मुलाचे अभ्यासावरून लक्ष उडाले असले पाहिजे. याखेरीज तिसराही एक अर्थ संभवतो, आणि तो वाचकांपुढे मांडावा म्हणूनच आज आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

बेळगाव शहर आणि तालुका यांतील सरकारी मराठी शाळांतून आमचा सेवाकाळ गेला. माध्यमिक शाळेतील आठवी, नववी आणि दहावी हे तीन वर्ग म्हणजे आमचा संसार. आमची मुले शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांतून येतात, तालुक्याच्या पश्चिमेकडील रताळ्यांच्या शिवारांतून येतात, उद्यमबागेत कामाला जाणाऱ्या कामगारांच्या दोन खोल्यांच्या घरांतून येतात. यांतील कितीतरी मुलांच्या हाताला शाळेच्या वेळेबाहेर काही ना काही काम असते. कोणी पहाटे वर्तमानपत्रे टाकतो, कोणी संध्याकाळी किराणा दुकानात पुड्या बांधतो, कोणी गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तिशाळेत माती मळतो. या कामांकडे आम्ही शिक्षकांनी कसे पाहावे, हा प्रश्न दर वर्षी जून महिन्यात नव्याने आमच्या टेबलावर येऊन बसतो.

या प्रश्नाशी आमचा परिचय हेडमास्तरांच्या खुर्चीत बसल्यानंतरचा नव्हे. १९८४ साली आम्ही नववीत होतो. वडील एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. पगार वेळेवर येई, पण महिनाअखेर गाठताना त्याची दमछाक होई. शाळा सुटल्यावर रोज दोन तास आम्ही गल्लीतल्या एका छापखान्यात जात असू. गावातले छोटे छापखाने त्या काळी शिशाच्या खिळ्यांवर चालत. छापून झालेला मजकूर सोडवून एकेक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकणे, हे शिकाऊ पोराचे काम. लाकडी केसमधल्या त्या असंख्य घरांतून 'क' कोठे, 'क्ष' कोठे, पहिली वेलांटी कोठे आणि दुसरी कोठे, हे डोळ्यांच्या आधी बोटांना पाठ व्हावे लागे. एकदा एका लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' याऐवजी 'कृपया आहार आणू नये' असे जुळविले गेले. मालकांनी ते प्रुफात वेळीच पकडले म्हणून दोन्ही व्याह्यांची अब्रू वाचली! एका मात्रेचे मोल काय असते, हे त्या दिवशी जसे समजले तसे पुढे एम. ए.ला भाषाशास्त्र शिकतानाही समजले नाही.

त्या मालकांना सारी गल्ली 'अण्णा' म्हणत असे. त्यांचे दोन नियम होते. साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी डब्याला हात लावायचा नाही, कारण शिसे पोटात जाऊ नये. आणि पगार एक तारखेला, ज्याचा त्याच्या हाती, वहीत सही घेऊन. महिन्याला चाळीस रुपये. पहिल्या महिन्याचे पैसे आम्ही आईच्या हाती ठेवले. तिने त्यातले दहा परत दिले. त्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानात आम्ही वाळंब्यांचे मराठी व्याकरण विकत घेतले. त्या पुस्तकाची किंमत आम्हांला रुपयांत आठवत नाही. खिळे सोडविण्याच्या किती संध्याकाळी त्यात गेल्या, ते मात्र आठवते. पैशाला तासांनी मोजण्याची ही दृष्टी वडिलांच्या उपदेशाने आम्हांला आली नव्हती. ती त्या वहीत सही केल्यावर आली.

वाचकहो, विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत किंवा माधुकरी मागून शिकत. त्या व्यवस्थेने अनेकांना विद्या दिली हे खरे, परंतु ती दानावर उभी होती, आणि ज्या जातींना त्या दानाचा अधिकारच नव्हता त्यांच्यासाठी तिची दारे बंद होती. या दानाच्या जागी श्रमाला आणून बसविले ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली ती साताऱ्याला नेली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत, स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे आपल्या हातांनी करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेही 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर. स्वावलंबनाने मिळविलेले शिक्षण, हे ब्रीद त्या संस्थेने आपल्या बोधचिन्हातील वटवृक्षाइतकेच जपले.

आम्हां बेळगावकरांना या इतिहासात आणखी एक घरचा धागा सापडतो. भाऊरावांनी उमेदीच्या काळात किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. गावोगाव शेतकऱ्यांच्या दारी फिरताना त्यांना रयतेचे अज्ञान जवळून दिसले. त्या किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली आमच्याच बेळगावात एका सायकलींच्या दुकानाने झाला, आणि १९१० साली तो किर्लोस्करवाडीला गेला. म्हणजे शिक्षण आणि हातचे काम यांची सोयरीक जुळविणाऱ्या माणसाची वाट आमच्या गावच्या एका दुकानाशी नाते सांगते, ही गोष्ट आम्ही दर वर्षी मुलांना अभिमानाने सांगत असतो.

सरकारनेही हे तत्त्व कागदावर पुन्हा पुन्हा मान्य केले आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना पुढे आली. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभव असावा असे सांगितले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे भारदस्त नाव दिले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा सुचविली आहे, ज्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ बसून काम पाहावे. हे सारे स्तुत्यच आहे. परंतु प्रत्यक्षात काय घडते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कागदी फुले, लोकरीचे तोरण आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे घर घेण्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात पालकांची रीघ लागते! अनुभव दुकानदाराला येतो, गुण मुलाला मिळतात.

असे का होते? आमच्या मते याचे कारण असे की, शाळेतल्या त्या कामाची खरोखरीची गरज कोणालाच नसते. तोरण झाले काय, न झाले काय, कोणाचे काही अडत नाही. उलट पहाटे वर्तमानपत्र टाकणारा मुलगा एक दिवस आला नाही, तर साठ घरांतला चहा थंड होतो. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एरवी कोठे मिळते? घरी तो लहान, शाळेत तो हजेरीपटावरचा क्रमांक. कामाच्या ठिकाणी मात्र पहिल्यांदाच कोणीतरी परका मोठा माणूस त्याच्याकडे जबाबदार माणूस म्हणून पाहतो.

येथवर आम्ही कामाची बाजू मांडली. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती आमच्या हजेरीपटातून आम्हांला शिकावी लागली. दोन मुलांची हकीकत सांगतो. नावे अर्थातच सांगणार नाही.

पहिला मुलगा वडगावचा. वडिलांचा माग बंद पडला, तेव्हा तो नववीत होता. पहाटे साडेचारला उठून तो सव्वाशे घरी वर्तमानपत्रे टाकू लागला. महिना पंधरवडा गेला आणि तिसऱ्या तासाला तो बाकावर झोपू लागला. वर्गशिक्षकांनी तक्रार केली, आम्ही पालकांना बोलाविले. त्याची आई आली, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "सर, त्याला पेपर टाकायचं सोड म्हणू नका. घरात दूध त्याच्याच पैशानं येतंय." या वाक्यापुढे शिक्षणशास्त्राची कोणती पोथी उघडावी? आम्ही त्याच संध्याकाळी वर्तमानपत्राच्या एजंटाकडे गेलो. तो गृहस्थ सज्जन निघाला. त्याने मुलाची फेरी निम्म्यावर आणली, साठ घरे ठेवली. पैसेही कमी झाले, ते आईने मान्य केले. मुलाने रात्री नऊला अंथरुणावर पडायचे असे ठरले, आणि दहावीच्या वर्षी जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत काम बंद. पण जागा त्याचीच राहील, असा शब्द एजंटाने दिला आणि पाळला. मुलगा काही बोर्डात आला नाही. दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. पण महिन्याअखेरची वसुली, बंद दिवसांची वजावट, उधारी, सुटे पैसे या सगळ्यांनी त्याचे अंकगणित असे पक्के झाले होते की, गणिताच्या शिक्षकांना त्याला टक्केवारी शिकवावी लागली नाही. पुढे तो तंत्रनिकेतनात पदविकेला गेला.

दुसरा मुलगा बुद्धीने पहिल्यापेक्षा उजवा होता. त्याला लग्नसराईत वाढप्याचे काम मिळाले. संध्याकाळी सहाला जायचे, रात्री एक-दीडला घरी यायचे, आणि एका रात्रीचे रोख तीनशे रुपये. पहिल्या हंगामात त्याच्या हाती नवा मोबाइल आला, दुसऱ्या हंगामात तो हजेरीपटावरून दिसेनासा झाला. २०१५ सालच्या जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला, आणि त्याचा बाक रिकामा राहिला. आम्ही त्याच्या घरी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी तो नम्रपणे म्हणाला, "सर, दहावी करून पण हेच काम मिळणार, मग आत्तापासूनच केलं तर काय बिघडलं?" आम्ही आमच्या परीने समजाविले. पण पंधराव्या वर्षी हातात खुळखुळणाऱ्या पैशाचा आवाज फार मोठा असतो. त्यापुढे हेडमास्तरांचा आवाज पोहोचत नाही. २०२० साली टाळेबंदी आली, कार्यालये ओस पडली, आणि कित्येक महिने तो घरी बसून राहिला. दहावी नसल्यामुळे दुसरीकडे अर्जही करता येईना. आजही तो वाढतोच आहे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या नमस्काराने आम्हांला बरे वाटत नाही.

दोघांनीही कामच केले. मग फरक कोठे पडला? एकाच्या कामाला काठ होते, दुसऱ्याच्या कामाला नव्हते. पहिल्याच्या बाबतीत आई, शिक्षक आणि मालक या तिघांनी एकत्र बसून तास ठरविले. दुसऱ्याच्या बाबतीत ते लग्नाच्या मुहूर्तांनी ठरविले. काम मुलाला घडविते की गिळते, हे कामाच्या जातीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते या काठांवर अवलंबून असते.

कायद्याने काही काठ आपल्याला घालूनच दिले आहेत, आणि ते प्रत्येक पालकाला ठाऊक असले पाहिजेत. बालकामगार प्रतिबंधाचा कायदा १९८६ सालचा. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला कोणत्याही नोकरीत ठेवता येत नाही. आपल्याच कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत त्याने हातभार लावला तर त्याला मुभा आहे. चौदा ते अठरा या वयातील मुलांना धोकादायक कामांवर ठेवण्यास मनाई आहे. आठवीतला मुलगा बहुधा चौदाच्या आतला असतो. तेव्हा त्याच्यासाठी घरचे दुकान, घरचे शेत, एवढाच विषय. नववी-दहावीच्या मुलासाठीही भट्टी, दारूगोळा, विषारी रसायने, धावती यंत्रे यांची वाट बंदच असली पाहिजे. ज्या छापखान्याने आम्हांला मात्रेचे मोल शिकविले, त्या शिशाच्या खोलीत आज आम्ही आमच्या विद्यार्थ्याला पाऊल ठेवू देणार नाही. अण्णांचा साबण चांगला होता, पण शिसे साबणाहून हट्टी असते.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहावेसे वाटतात. मुलगा दुकानात बसला की त्याला 'काम' म्हणतात. मुलगी पाणी भरते, भाकऱ्या थापते, धाकट्या भावाला सांभाळते, त्याला मात्र नाव नसते आणि वेळेचा हिशोबही नसतो. आमच्या शाळेतील एक मुलगी सुट्टीत शेजारच्या बाईंकडे साड्यांना फॉल लावायला शिकली. पुढे शाळा सुटल्यावर रोज दोन साड्या करू लागली. तिच्या आईने एक शहाणपण केले. मुलीच्या नावाने पोस्टात खाते काढले. दहा वर्षांवरील मुलांना तेथे स्वतःच्या सहीने खाते चालविता येते. दहावीनंतर लग्नाची बोलणी घरात सुरू झाली, तेव्हा या मुलीने पासबुक पुढे ठेवले आणि महाविद्यालयाचे पहिल्या वर्षाचे शुल्क आपण भरू शकतो असे सांगितले. वडील काही क्षण गप्प राहिले आणि मग प्रवेशाचा अर्ज आणायला निघाले. त्या पासबुकात रक्कम फार नव्हती. परंतु मुलीचे मत ऐकायला भाग पाडण्याइतकी ती होती.

आमच्यासारख्या सीमाभागातील मराठी घरांना या कामांचा आणखी एक लाभ होतो. मराठी माध्यमातील मुलाला कन्नड विषय म्हणून शिकावे लागते, आणि व्याकरणाच्या दडपणाने तो त्या भाषेला बिचकतो. तोच मुलगा खडेबाजारातल्या दुकानात उभा राहिला की बैलहोंगल-सौंदत्तीकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी चार महिन्यांत न अडखळता बोलू लागतो. मातृभाषेवर आमचे प्रेम आहे, त्यावर आमची उपजीविका आहे. पण शेजाऱ्याची भाषा येणाऱ्या मुलाचे मराठी उणावते, असे आम्ही एकदाही पाहिलेले नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांचे हिंदी आणि बडोद्याच्या मुलांचे गुजराती यांविषयीही तेथील वाचक हेच सांगतील, असा आमचा विश्वास आहे.

आता खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांकडे वळू. तेथून हमखास प्रश्न येतो : "आमच्या मुलाला काय कमी आहे, की त्याने कोणाच्या दुकानात उभे राहावे?" कमी काहीच नाही, हे मान्य. परंतु त्यामुळेच त्याला एक गोष्ट कधी मिळत नाही. सकाळी शिकवणी, मग शाळा, मग पुन्हा शिकवणी, या चरकातून निघालेल्या मुलाने अठराव्या वर्षापर्यंत एकाही परक्या माणसाची गरज भागविलेली नसते, आणि आपल्या चुकीबद्दल गुणांखेरीज दुसरी कोणतीही किंमत मोजलेली नसते. त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत एक महिना एखाद्या औषधाच्या दुकानात, पुस्तकांच्या दुकानात, ग्रंथालयात किंवा रोपवाटिकेत अर्धा दिवस काम केले, तर घराण्याची प्रतिष्ठा कमी होणार नाही. उलट दाराशी येणाऱ्या वर्तमानपत्रवाल्या मुलाला तो पुढे नावाने हाक मारील.

मात्र काठ सर्वांना सारखेच हवेत. आमच्या शाळेत आम्ही पालकांना जे सांगत आलो, ते थोडक्यात असे. शाळेच्या दिवशी दोन तासांहून अधिक काम नको आणि रात्री आठनंतर मुळीच नको. सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस पुरे. काम सुरू होण्यापूर्वी पालकांनी जागा स्वतः पाहावी आणि मालकाला भेटावे. पगार मुलाच्या हाती, लिहून मिळावा. त्यातला निम्मा त्याच्या खात्यावर जावा, आणि उरलेल्याचा हिशोब त्याचा त्याने ठेवावा. दहावीच्या वर्षी नाताळानंतर काम बंद. चाचणीचे गुण एकदा घसरले तर तास कमी करावेत. दुसऱ्यांदा घसरले तर काम थांबवावे. आणि घरात खरीच निकड असेल, तर ती शिक्षकांपासून लपवू नये. शिष्यवृत्त्या आहेत, शाळेत दुपारचे जेवण आहे, गावात मदत करणारी माणसेही आहेत. पोराच्या झोपेवर घर चालविण्याची पाळी आली, तर शाळेला ते सर्वांत आधी कळले पाहिजे.

शेवटची विनंती आम्ही या मासिकाच्या त्या वाचकांना करतो, ज्यांची स्वतःची दुकाने, कचेऱ्या, दवाखाने आहेत. परगावी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने गणेशोत्सव टिकविले, वाचनालये टिकविली, नाटकेही केली. त्याबरोबरच आपल्या भागातील शाळेच्या हेडमास्तरांना एकदा भेटून, "माझ्याकडे एका मुलाला दोन तासांचे काम आहे," असे सांगावे. मुलगा आला की त्याला पगार आधी सांगावा, नंतर त्याची इयत्ता आणि चाचणीची तारीख विचारून घ्यावी. त्या तारखेच्या आदल्या दिवशी तो कामावर आलाच, तर त्याला घरी पाठवावे, आणि त्या दिवसाचा पगार कापू नये.